एक मध्यरक्षक बुडता संघ तारू शकतो का?

पापनाशम (तंजावर) : तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात वसलेले पापनाशम हे गाव कर्नाटक संगीताच्या रसिकांना वाग्गेयकार पापनाशम शिवन यांच्या नावामुळे परिचित आहे. मराठी वाचकांना हा परिसर भोसले घराण्याच्या तंजावर राज्यामुळे आपला वाटतो. फुटबॉलच्या नकाशावर मात्र तो एका कोपऱ्यात आहे. येथील चाहत्याला सर्वोच्च श्रेणीचा सामना मैदानात बसून पाहायचा असेल, तर सुमारे ३०० किलोमीटर अंतरावरील चेन्नई गाठावी लागते. इंडियन सुपर लीगमध्ये तमिळनाडूचा एकच संघ आहे, तो म्हणजे चेन्नईयिन एफसी.

संघ सतत हरू लागला की अशा दूरच्या चाहत्याच्या हाती चर्चेशिवाय फारसे काही उरत नाही. या चर्चेचा सर्वांत आवडता विषय म्हणजे येऊ घातलेला नवा मध्यरक्षक. तो यावा की येऊ नये? आल्यास संघाचे नशीब पालटेल का? त्याच्यावर खर्च होणारा पैसा अन्यत्र वापरावा का? हे प्रश्न चेन्नईत, मुंबईत, गोव्यात आणि युरोपातही वर्षानुवर्षे विचारले जात आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी काही प्रत्यक्ष उदाहरणे उपयोगी पडतात.

मध्यरक्षकाविषयीच एवढे मतभेद का?

आघाडीपटूचे मोजमाप गोलांनी होते आणि गोलरक्षकाचे अडवलेल्या फटक्यांनी. मध्यरक्षकाचे काम असे एका आकड्यात मावत नाही. काही मध्यरक्षक बचावफळीच्या पुढे उभे राहून प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावतात. काही जण बचाव आणि आघाडी यांच्यातील दुवा असतात. काही आघाडीपटूंच्या मागे राहून गोलच्या संधी निर्माण करतात. वृत्तपत्रांत या तिघांनाही मध्यरक्षक असेच म्हटले जाते. परंतु एकाच्या जागी दुसरा खेळवल्यास संघाची घडी विस्कटू शकते.

अडचणीत सापडलेल्या संघात ही फळी सर्वप्रथम उघडी पडते. चेंडू मधल्या भागात टिकत नाही, त्यामुळे बचावपटूंवरील ताण वाढतो आणि आघाडीपटूंपर्यंत चेंडू पोहोचत नाही. गोल होत नाहीत म्हणून दोष आघाडीला दिला जातो, गोल स्वीकारावे लागतात म्हणून बचावाला. मूळ दुखणे अनेकदा या दोहोंच्या मध्ये असते. म्हणूनच एका चांगल्या मध्यरक्षकाच्या आगमनाने सर्व काही सुधारेल, अशी आशा चाहत्यांना वाटते. ही आशा निराधार नाही, मात्र ती अपुरी आहे.

चेन्नईचा अनुभव

चेन्नईयिनने १७ मार्च २०१८ रोजी बंगळुरूत यजमान बंगळुरू एफसीला ३-२ असे हरवून दुसऱ्यांदा विजेतेपद पटकावले. त्या सामन्यातील तिसरा गोल ब्राझीलचा मध्यरक्षक राफाएल ऑगस्टो याचा होता. पुढच्याच हंगामात हा विजेता संघ गुणतालिकेत दहाव्या, म्हणजेच शेवटच्या स्थानावर घसरला. १८ सामन्यांत केवळ दोन विजय आणि नऊ गुण एवढीच त्याची कमाई होती. २०१९ मध्ये ऑगस्टो बंगळुरूकडे गेला आणि चेन्नईने ब्राझीलचाच दुसरा मध्यरक्षक राफाएल क्रिवेलारो याला करारबद्ध केले.

विजेतेपद मिळवून देणारा खेळाडू गेला आणि तळाला असलेल्या संघात एक नवा चेहरा आला. चाहत्यांनी काय मानावे? हंगामाच्या प्रारंभी तर निराशावाद्यांचेच खरे ठरत होते. पहिल्या चार सामन्यांत चेन्नईला एकही गोल करता आला नाही. नवा मध्यरक्षक संघात होता, तरीही निकाल बदलले नव्हते.

डिसेंबर २०१९ मध्ये स्कॉटलंडचे ओवेन कॉयल यांनी प्रशिक्षकपदाची सूत्रे हाती घेतली. त्यानंतर क्रिवेलारोचा खेळ बहरला. त्याने त्या हंगामात सात गोल केले आणि आठ गोलांसाठी साहाय्य केले. त्याच्या पासेसचे सोने करणारा लिथुआनियाचा आघाडीपटू नेरियस वाल्स्किस १५ गोलांसह त्या हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्यांत होता. चेन्नईने साखळीत चौथे स्थान मिळवले, उपांत्य फेरीत साखळीविजेत्या एफसी गोवा संघाला दोन सामन्यांच्या एकत्रित निकालात ६-५ असे नमवले आणि अंतिम फेरी गाठली. १४ मार्च २०२० रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर एटीकेने हा सामना ३-१ असा जिंकला. करोनाच्या साथीमुळे तो प्रेक्षकांविना झाला. संघ तळातून वर येईल की नाही, यावर हंगामभर वाद घालणाऱ्या एकाही चाहत्याला तो क्षण मैदानातून पाहता आला नाही.

या कथेचा उत्तरार्ध तितकाच बोलका आहे. २०२० मध्ये कॉयल आणि वाल्स्किस हे दोघेही जमशेदपूरकडे गेले. क्रिवेलारो चेन्नईतच राहिला, पण हंगामाच्या मध्यावर दुखापतीमुळे त्याला बाहेर बसावे लागले. २०२०-२१ मध्ये चेन्नईने २० पैकी तब्बल ११ सामने बरोबरीत सोडवले, केवळ तीन जिंकले आणि संघ आठव्या स्थानी राहिला. बचाव भक्कम होता, मात्र बरोबरीचे विजयात रूपांतर करणारे हात हरवले होते.

खेळाडू तोच, संघ तोच आणि निकाल अगदी भिन्न. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मध्यरक्षकाचे यश त्याच्या पायांइतकेच त्याच्या पुढे धावणाऱ्या आघाडीपटूवर आणि बाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकावर अवलंबून असते.

मुंबई, लंडन आणि न्यूकॅसल

मुंबई सिटी एफसीने हे सूत्र वेगळ्या रीतीने अमलात आणले. २०१९-२० च्या हंगामात हा संघ पाचव्या क्रमांकावर राहिला आणि बाद फेरीपासून वंचित झाला. २०२० मध्ये मुंबईने गोव्याला आक्रमक खेळाची शिस्त लावणारे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना आणले. त्यांच्यापाठोपाठ गोव्यातून मध्यरक्षक अहमद जाहू व ह्यूगो बूमू, तसेच बचावपटू मुर्तदा फॉल आणि मंदार राव देसाई हेही मुंबईत दाखल झाले. बूमू तर २०१९-२० च्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. गोव्याच्या चाहत्यांना हे जिव्हारी लागणे स्वाभाविक होते. मुंबईने २०२०-२१ मध्ये साखळीतील अव्वल स्थान आणि अंतिम सामन्यातील विजेतेपद, अशी दोन्ही पारितोषिके जिंकली. येथे खेळण्याची संपूर्ण पद्धतच तिच्या कारागिरांसह एका गावातून दुसऱ्या गावात आली होती.

इंग्लंडमधील एक उदाहरण पाहता येईल. २०१४-१५ चा विजेता चेल्सी संघ पुढील हंगामात दहाव्या स्थानी घसरला. २०१६ च्या उन्हाळ्यात त्यांनी लेस्टर सिटीकडून मध्यरक्षक एन्गोलो कांते याला घेतले आणि २०१६-१७ मध्ये पुन्हा विजेतेपद मिळवले. याचे श्रेय बहुधा कांतेला दिले जाते व ते योग्यच आहे. मात्र त्याच उन्हाळ्यात चेल्सीने प्रशिक्षकही बदलला होता, आर्सेनलकडून ०-३ असा पराभव झाल्यानंतर तीन बचावपटूंची नवी रचना स्वीकारली होती आणि त्या हंगामात युरोपीय स्पर्धा नसल्याने खेळाडूंना पुरेशी विश्रांतीही मिळत होती.

उलट उदाहरण न्यूकॅसल युनायटेडचे. जानेवारी २०१६ मध्ये तळाशी झगडणाऱ्या या संघाने मध्यरक्षक जॉन्जो शेल्वी याला स्वान्सीकडून घेतले. खेळाडू गुणी होता, लांब पल्ल्याचे अचूक पास ही त्याची खासियत होती. तरीही हंगामाअखेर न्यूकॅसल अठराव्या स्थानी राहिला आणि खालच्या श्रेणीत गेला. हंगामाच्या मध्यावर आलेल्या खेळाडूला सहकाऱ्यांशी जुळवून घेण्यासाठी वेळ हवा असतो आणि तळाच्या संघाकडे नेमका तोच नसतो.

करार आणि पैसा

चाहत्यांच्या वादात नियमांकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. फिफाच्या नियमांनुसार खेळाडूची नोंदणी वर्षातील दोन ठरावीक कालावधींतच होऊ शकते. यालाच ट्रान्स्फर विंडो म्हणतात. करारात असलेल्या खेळाडूशी बोलणी करायची असल्यास त्याच्या क्लबला लेखी कळवणे बंधनकारक आहे. करार संपण्यास सहा महिने किंवा त्याहून कमी अवधी उरला असेल, तर खेळाडू पुढील करार अन्य क्लबशी करू शकतो. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी बोस्मन प्रकरणात दिलेल्या निकालानंतर, करार संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबला पैसे मोजण्याची प्रथा मागे पडली. त्यामुळे एखाद्या खेळाडूची किंमत त्याच्या गुणवत्तेइतकीच त्याच्या करारातील उरलेल्या महिन्यांवर ठरते.

भारतात आणखी एक बंधन आहे. २०२१-२२ पासून इंडियन सुपर लीगमध्ये एका वेळी चारच परदेशी खेळाडू मैदानावर उतरवण्याचा नियम लागू झाला. त्यापूर्वी ही संख्या पाच होती. परदेशी मध्यरक्षक घ्यायचा तर परदेशी आघाडीपटूची किंवा बचावपटूची एक जागा खर्ची पडते. ‘आपल्याला हा मध्यरक्षक हवा’ असे म्हणणाऱ्या चाहत्याने ‘मग कोण नको?’ या प्रश्नाचेही उत्तर द्यायला हवे.

या व्यवहारातील पैशाचा एक वाटा तळागाळातही झिरपतो. आंतरराष्ट्रीय ट्रान्स्फरच्या रकमेतील पाच टक्के हिस्सा खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटण्याची तरतूद फिफाने केली आहे. छोट्या क्लबसाठी ही रक्कम मोलाची ठरू शकते.

घसरणीचे भय

युरोपात तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत जाण्याची धास्ती असते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधून दरवर्षी २० पैकी तीन संघ बाहेर पडतात. तेथे जानेवारीत घेतलेला मध्यरक्षक म्हणजे जणू शेवटचा डाव असतो. भारतातील चित्र निराळे होते. २०१४ मध्ये आठ संघांनिशी सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमधून २०२४-२५ च्या हंगामाअखेरपर्यंत कोणताही संघ गुणतालिकेतील स्थानामुळे खालच्या श्रेणीत गेला नाही. त्या हंगामात १३ संघांत चेन्नई अकरावी आली.

घसरण नसल्याने क्लबला धीर धरता येत होता, तरुण खेळाडूंना संधी देता येत होती. मात्र त्यामुळे चाहत्यांची चिंता संपत होती असे नाही, कारण भारतीय क्लबांपुढील धोका अनेकदा गुणतालिकेच्या बाहेरचा असतो. मुंबईचा मातब्बर महिंद्रा युनायटेड संघ २०१० मध्ये बंद झाला. २०१६ मध्ये गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा या संघांनी आय-लीगमधून माघार घेतली. व्यापारी हक्कांच्या कराराचा प्रश्न न सुटल्याने इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगामही जुलै २०२५ मध्ये स्थगित ठेवण्यात आला. अशा वेळी कोणता खेळाडू यावा यापेक्षा आहेत त्यांचे पगार होतील का, हा प्रश्न मोठा ठरतो.

खेळाडूची बाजू

चाहत्यासाठी जी चर्चा आहे, तो खेळाडूसाठी उपजीविकेचा निर्णय असतो. तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यातील मध्यरक्षक मायकल सूसैराज याचे उदाहरण घ्यावे. चेन्नई सिटी, जमशेदपूर असा प्रवास करीत तो २०१९ मध्ये एटीकेकडे गेला आणि पहिल्याच हंगामात विजेत्या संघाचा घटक बनला. नोव्हेंबर २०२० मध्ये पुढील हंगामाच्या सलामीच्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि उर्वरित हंगाम त्याला खेळता आला नाही.

फुटबॉलपटूची कारकीर्द मुळातच अल्प असते आणि ती एका चुकीच्या पावलाने थांबू शकते. बलाढ्य संघात राखीव म्हणून बसावे की दुबळ्या संघात दर आठवड्याला खेळावे, हा पेच त्यालाच सोडवायचा असतो. दुबळ्या संघाकडे गेलेल्या खेळाडूला पैशाचा लोभी आणि नकार देणाऱ्याला भित्रा ठरवणे सोपे आहे. त्याच्या जागी उभे राहून पाहिल्यास दोन्ही विशेषणे अन्यायकारक वाटतील.

तर मग चाहत्यांनी वाद घालूच नये काय? अवश्य घालावा. क्लब चाहत्यांच्या ओढीवरच तगतात. मात्र खेळाडू चांगला आहे की वाईट, एवढ्यावरच तो थांबू नये. संघात नेमके काय उणे आहे, नव्या मध्यरक्षकाचा पास घेण्यासाठी पुढे कोण धावणार आहे, प्रशिक्षक किती काळ टिकणार आहे आणि करार किती वर्षांचा आहे, हे चार प्रश्न विचारले की उत्तर बरेचसे दृष्टिपथात येते. क्रिवेलारोच्या दोन हंगामांनी चेन्नईच्या चाहत्यांना हेच दाखवले. पहिल्या हंगामात या प्रश्नांची उत्तरे जुळून आली होती. दुसऱ्या हंगामात ती जुळली नाहीत, आणि तळातून अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेला संघ पुन्हा आठव्या स्थानी आला.