पीएचडीनंतर पोस्टडॉक: मानसशास्त्रातला न दिसणारा टप्पा

पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात रोज माणसं डोळे मिटून बसतात. त्या शांततेत माणसाची स्वतःविषयीची जाणीव कशी बदलते, हा अस्सल मानसशास्त्राचा प्रश्न आहे. गावातल्या एखाद्या मुलीला त्यावर काम करायचं असेल, तर बराचसा रस्ता ठाऊक असतो: बी.ए., मग मुंबई किंवा पुण्याला एम.ए., नेट किंवा सेट, पीएचडी. पुढे काय, हे मात्र घरी कुणाला सांगता येत नाही.

पोस्टडॉक ही पदवी नव्हे. त्याला परीक्षा नाही की पदवीदान नाही. ती संशोधनाची मुदतबंद नेमणूक असते, बहुधा एक ते तीन वर्षांची, आणि ती दोन वाटांनी मिळते. एक, तुमच्या नावावरची फेलोशिप. यात प्रश्न तुमचा असतो. दुसरी, एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पातली जागा. यात पगार प्रकल्पाच्या अनुदानातून येतो आणि प्रश्न त्यांचा असतो. आपल्याकडे सामाजिक शास्त्रांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची दोन वर्षांची फेलोशिप आहे. मेंदू, स्मृती, अवधान अशा विषयांना केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचं दार ठोठावता येतं. फेलोशिपचे हप्ते लांबू शकतात, म्हणून निघताना काही महिन्यांची तरतूद गाठीला हवीच.

या काळात करायचं काय? आधी प्रबंधातून पेपर काढायचे. तीनशे पानांचा प्रबंध सहसा कुणी वाचत नाही. त्यातला एकेक निष्कर्ष वीस पानांत बसवावा लागतो. मग नवा अभ्यास: नीतिशास्त्र समितीची परवानगी, प्रश्नावली, आणि माहिती गोळा करण्याआधीच गृहीतक नोंदवून ठेवणं. ही शेवटची शिस्त कडू अनुभवातून आली. २०१५ साली ‘सायन्स’मध्ये मानसशास्त्रातले शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल आला, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत पुन्हा ठोस परिणाम दिसला. तेव्हापासून चांगल्या प्रयोगशाळेत तरुण संशोधकाला पहिल्या दिवसापासून हीच सवय लावतात.

हा काळ कशासाठी असतो, ते मानसशास्त्रज्ञ आनंद परांजपे यांच्या वाटचालीत दिसतं. पुणे विद्यापीठातून पीएचडी करून ते हार्वर्डला एरिक एरिक्सन यांच्याकडे गेले. व्यक्तीला आपली ओळख कशी गवसते, हा एरिक्सन यांचा ध्यास. परांजप्यांनी तो धागा हाती घेतला, कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठात अध्यापन केलं आणि पुढे ‘स्व’विषयीचा आधुनिक मानसशास्त्राचा विचार अद्वैत वेदान्ताशेजारी ठेवला, १९९८चा त्यांचा ग्रंथ याच विषयावर आहे. गुरूचा प्रश्न घेऊन आपल्या मातीतून त्याला भिडणं, पोस्टडॉकचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. म्हणूनच विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक निवडा, असं मी आग्रहाने सांगते.

नोकरीचं गणित रोकडं आहे. सहायक प्राध्यापकपदासाठी २०२३च्या नियमानुसार नेट, सेट किंवा पीएचडी पुरते. पोस्टडॉकची सक्ती नाही. पण महाविद्यालयीन मुलाखतीआधीच्या छाननीत त्याच्या प्रत्येक वर्षाला २ गुण असतात, आणि आयआयटीसारख्या संस्थांत त्याशिवाय सहसा डाळ शिजत नाही. एक गफलत मात्र टाळा. पोस्टडॉकमुळे रुग्ण तपासण्याचा अधिकार मिळत नाही. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आणि तिला लागणारं वेगळं प्रशिक्षण हवं. अमेरिकेत परवान्याआधी देखरेखीखाली केलेल्या कामालाही पोस्टडॉक हेच नाव आहे, त्यामुळे जाहिराती नीट वाचाव्यात. बाकी चाचण्या बनवणाऱ्या संस्था, आरोग्य प्रकल्प, वापरकर्त्यांचा अभ्यास करणाऱ्या तंत्रज्ञान कंपन्या, इथेही ही माणसं जातात आणि रमतात.

अर्जाची तयारी प्रबंध सादर करण्याच्या वर्षभर आधी सुरू करावी. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपला यजमान संस्था आधी राजी करावी लागते, आणि ज्या देशात जायचं तिथे मागच्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. प्राध्यापकांना पहिलं पत्र एका पानाचं पुरे: त्यांचा कुठला पेपर वाचला, त्यात काय राहिलं असं वाटतं, ते कसं तपासणार. समाधी मंदिराचा प्रश्न असेल, तर तिथे किती जण किती वर्षं नियमित बसतात आणि तुलनेला कोण घेणार, एवढं त्या पानात आलंच पाहिजे.