नाणेफेक खरंच ५०-५० असते का?

नाणं हवेत उडालं की पुढचं सगळं नशिबावर, असं आपण धरून चालतो. पण हवेतलं नाणंही गतीचे नियम तंतोतंत पाळतं. सुरुवातीला कोणती बाजू वर होती, वेग किती, गिरक्या किती, हे नेमकं कळलं तर निकाल आधीच सांगता येतो. अनिश्चितता नाण्यात नाही, आपल्या अपुऱ्या माहितीत आहे!

पर्सी डायकोनिस हे गणितज्ञ आधी व्यावसायिक जादूगार होते. २००७ मध्ये त्यांनी सुझन होम्स आणि रिचर्ड माँटगोमेरी यांच्यासह दाखवलं की अंगठ्याने उडवलेलं नाणं सरळ कोलांट्या घेत नाही, भोवऱ्यासारखं किंचित डगमगतं. त्यामुळे आधी वर असलेली बाजू हवेतही जास्त वेळ वर राहते. तीच बाजू पुन्हा वर येण्याची शक्यता त्यांनी सुमारे ५१ टक्के काढली.

मग २०२३ मध्ये संशोधकांच्या एका चमूने ४६ चलनांची नाणी तब्बल ३,५०,७५७ वेळा उडवून हातात झेलली. सुरुवातीचीच बाजू आली ५०.८ टक्के वेळा! छापा आणि काटा यांच्यात मात्र फरक आढळला नाही.

म्हणजे झुकाव छाप्याकडे नाही, काट्याकडेही नाही; तो आहे सुरुवातीच्या बाजूकडे. म्हणून पुढच्या वेळी उडवणाऱ्याला नाणं मुठीत झाकायला सांगा आणि मगच ‘छापा’ किंवा ‘काटा’ म्हणा. एवढ्याने नाणेफेक अगदी न्याय्य होते.