लाकडी माशाला काचेचे डोळे

गळाला जिवंत आमिष लावण्याऐवजी लाकडाचा, धातूचा किंवा प्लास्टिकचा नकली मासा लावतात, त्याला ल्युअर म्हणतात. अमेरिकेत जुने ल्युअर जमवणाऱ्यांची संख्या एवढी वाढली, की १९७६ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटनाच उभी राहिली. या छंदाची रीत उफराटी आहे. ज्या ल्युअरने मालकाला भरपूर मासे मिळवून दिले, त्याचा रंग उडालेला असतो, म्हणून त्याला भाव नाही. जो विकत आणून कपाटात पडून राहिला, त्याच्यावर बोली चढते.

दोन दंतकथा आणि एक तांब्याचा मासा

ज्युलिओ ब्यूएल याला १८५२ मध्ये चमच्याच्या आकाराच्या धातूच्या ल्युअरचे पेटंट मिळाले. त्याच्या हातून चमचा तळ्यात पडला आणि माशाने तो गट्ट केला, अशी कथा सांगतात. मिशिगनमधल्या डोवाजिॲक गावचा मधमाशीपालक जेम्स हेडन याच्याबद्दल सांगतात, की तो तळ्याकाठी लाकूड तासत बसला होता. हातातला तुकडा त्याने पाण्यात भिरकावला आणि बास माशाने त्यावर झडप घातली. मला या दोन्ही कथा एकाच साच्यातून निघालेल्या वाटतात. पण हेडनने मित्रांसाठी कोरलेले लाकडी बेडूक खरे आहेत. त्यातले मोजकेच उरले आहेत आणि संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. १९०२ मध्ये हेडनने मुलाला बरोबर घेऊन कंपनी काढली.

किमतीच्या बाबतीत मात्र मान ओहायोच्या रायली हॅस्केलचा. त्याच्या धातूच्या माशाला १८५९ मध्ये पेटंट मिळाले. त्यातला सुमारे दहा इंचांचा तांब्याचा एक नमुना २००३ च्या लिलावात एक लाख डॉलरपेक्षा जास्त किमतीला गेला.

वय कसे ओळखायचे

आधी डोळे पाहावेत. चांगल्या लाकडी ल्युअरला दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत काचेचे डोळे बसवत. पुढे नुसते रंगवलेले डोळे आले. स्वस्त मालाला काच आधीही नसे, त्यामुळे एवढ्यावर निकाल देता येत नाही.

खरा पुरावा पोटाखाली असतो. गळ अडकवण्याची कडी कशी बसवली आहे, यावरून जाणकार कालखंड सांगतात. हेडनच्या सुरुवातीच्या ल्युअरमध्ये कडीचा स्क्रू थेट लाकडात पिळलेला दिसतो. मग त्याभोवती धातूची छोटी वाटी आली, म्हणजे झुलणारा गळ अंगावर आपटू नये. त्यानंतर इंग्रजी एल अक्षरासारखी पट्टी आणि पुढे दोन तुकड्यांची बैठक. हा क्रम पाठ असला, की निम्मे काम झाले.

पेटंटची तारीख कोरलेली असेल तर हुरळून जाऊ नये. ती शोधाची तारीख असते, त्या वस्तूच्या जन्माची नव्हे. खोक्यावर पत्त्यासोबत झिप कोड छापलेला असेल, तर ते खोके १९६३ नंतरचे, कारण अमेरिकेत ही पद्धत त्याच वर्षी सुरू झाली.

कंपन्यांमध्ये हेडनच्या जोडीला इंडियानातल्या गॅरेटची क्रीक चब, ॲक्रनची फ्लूगर आणि कॅलामाझूची शेक्सपिअर ही नावे मोठी. जॉर्ज पेरी याने १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात २२ पौंड ४ औंसांचा विक्रमी बास पकडला तो क्रीक चबच्याच ल्युअरवर, त्यामुळे या कंपनीच्या मालाला वेगळेच वलय आहे.

खोके फेकू नये

सुरुवातीला ल्युअर सरकत्या झाकणाच्या लाकडी पेटीत येत, नंतर पुठ्ठ्याच्या खोक्यात. मासे धरणारा माणूस ते खोके दुकानाच्या दारातच टाकून द्यायचा, म्हणून आज काही खोकी आतल्या ल्युअरपेक्षा महाग पडतात. आतले माहितीपत्रकही असेल तर उत्तमच.

रंगकाम केलेले नग

फसवणूक बहुतेक रंगातच होते. जुन्या लाकडावर नवा हात मारून नग ‘कोरा’ करतात. भिंगाखाली पाहिले तर स्क्रूच्या खाचेत साचलेला किंवा कडीवर ओघळलेला रंग दिसतो. अतिनील दिव्याखाली नवा रंग जुन्यापेक्षा वेगळा चमकतो. गळ झुलून अंगावर उमटलेल्या अर्धगोल ओरखड्यांनाही महत्त्व आहे. वापरलेला म्हणून विकायला आणलेल्या ल्युअरवर ते नसतील, तर विकणाऱ्याला चार प्रश्न जास्त विचारावेत.

रीळ आणि काठी

रिळांमध्ये केंटकीच्या घड्याळजींनी एकोणिसाव्या शतकात हाताने बनवलेली रिळे आणि इंग्लंडच्या हार्डी बंधूंचे १८९१ चे ‘परफेक्ट’ यांना मान आहे. घरातला पेचकस घेऊन ती उघडायला बसू नये. स्क्रूचे डोके एकदा चिरले की किंमत तिथेच उतरते. बांबूच्या चिरफळ्या चिकटवून केलेल्या काठ्या देखण्या असतात, पण आपल्याकडच्या घरांत त्या ठेवायच्या कुठे?

साठवण

जुना ल्युअर रबरासारख्या मऊ प्लास्टिकच्या किड्यांशेजारी कधीच ठेवू नये. त्यांच्या संगतीत रंग वितळतो. अगदी सुरुवातीच्या प्लास्टिकचे काही ल्युअर आतून कुजतात आणि त्यांच्या वाफेने शेजारचे धातूचे भाग गंजतात, म्हणून त्यांना वेगळा डबा हवा. वरून वॉर्निश तर मुळीच मारू नये. मुंबई-कोकणच्या दमट हवेत गळ गंजायला एक पावसाळा पुरतो.

आपल्याकडचा धागा

ब्रिटिश अधिकाऱ्यांना इथल्या महसीर माशाचे वेड होते. मद्रासच्या मुलकी सेवेतल्या एच. एस. थॉमस यांनी १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले. कबिनी नदीत १९४६ मध्ये १२० पौंडांचा महसीर गळाला लागला. महसीरसाठी पितळी चमचे वापरत, तेव्हा जुन्या बाजारात दोन्ही टोकांना भोके असलेला चमचा दिसला तर तो स्वयंपाकघरातला समजू नये.

दुसरा धागा पिसांचा. सॅमन माशासाठी गळावर पिसे गुंडाळून जी ‘फ्लाय’ बांधतात, तिच्यात राखी रानकोंबड्याच्या मानेचे, मेणाचे थेंब सांडल्यासारखे ठिपके असलेले पीस लागे. सह्याद्रीच्या जंगलात पहाटे आरवतो तोच हा पक्षी. आज त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. परदेशातून जुनी फ्लाय मागवायची असेल, तर आधी तिच्यावर कोणाचे पीस आहे ते विकणाऱ्याकडून लेखी घ्यावे.