रस्ता पालिकेचा, बसही पालिकेची!

मुंबईकराच्या लेखी बस म्हणजे ‘बेस्ट’. लाल रंगाची, गर्दीने ओसंडणारी, पण हक्काची! हा हक्क मात्र आपल्याला आयता मिळालेला नाही.

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी शहरातली पहिली बस धावली, तेव्हा ती एका खासगी कंपनीची होती. ट्राम आणि वीजही त्याच कंपनीकडे. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या अवघ्या आठ दिवस आधी, महापालिकेने हा सारा कारभार आपल्या ताब्यात घेतला. कंपनी बांधील असते भागधारकांना, पालिका नागरिकांना. पहाटेच्या पाळीला निघालेला कामगार असो, की आडबाजूच्या वस्तीतली शाळकरी मुले असोत, त्यांच्यासाठी बस सोडायची ती नफा-तोट्याचा हिशेब बाजूला ठेवूनच.

हा तोटा बरीच वर्षे विजेच्या उत्पन्नातून भरून निघत असे. २००३ च्या वीज कायद्यानंतर ती वाट हळूहळू बंद झाली आणि बेस्टला पालिकेच्या तिजोरीकडे पाहावे लागले. मग भाडेतत्त्वावरच्या गाड्या आल्या. गाडी, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची; मार्ग आणि वेळापत्रक बेस्टचे; आणि मोबदला धावलेल्या किलोमीटरवर. एकेकाळी चार हजारांहून अधिक गाड्या बाळगणाऱ्या या उपक्रमाच्या स्वतःच्या गाड्या आता हजाराच्याही खाली आल्या आहेत. जुलै २०१९ मध्ये पाच रुपयांवर आणलेले किमान भाडे मे २०२५ मध्ये दहा रुपये झाले. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात भाड्याच्या बसने अनेकांचे बळी घेतले, तेव्हा चालकाच्या प्रशिक्षणाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सगळ्यांच्याच तोंडी आला.

मग कंत्राटदार नकोतच का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना इंग्लंडमधल्या ग्रेटर मँचेस्टरकडे पाहण्यासारखे आहे. १९८६ मध्ये तिथली बससेवा खुल्या स्पर्धेवर सोपवण्यात आली. कोणत्या रस्त्यावर किती बस सोडायच्या, भाडे किती घ्यायचे, हे बहुतांशी कंपन्याच ठरवू लागल्या. सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात तिथल्या दहा स्थानिक परिषदांच्या संयुक्त प्रशासनाने ही सूत्रे टप्प्याटप्प्याने परत घेतली. गाड्या आजही कंपन्याच चालवतात. पण मार्ग, वेळापत्रक, भाडे, इतकेच काय, गाडीचा पिवळा रंगसुद्धा लोकप्रशासन ठरवते. मुद्दा कंत्राटाचा नाही. लगाम कोणाच्या हाती आहे, याचा आहे.

मँचेस्टरने जे इतक्या वर्षांनी परत मिळवले, ते मुंबईकडे १९४७ पासून आहे. शिवाय शहरातले बहुतेक रस्तेही पालिकेचेच. आणि बसची खरी दुखणी रस्त्यावरच असतात. फोर्टात, चर्चगेटला किंवा नरिमन पॉइंटला वातानुकूलित बस आणून उभी केली, तरी ती मोटारींच्या रांगेत अडकणार असेल तर तिचा उपयोग काय? दोन-तीन मोटारी जेवढी जागा अडवतात, तेवढ्या जागेत एक बस पन्नास-साठ माणसे नेते. तरीही बसथांब्यापुढे मोटार उभी राहते आणि आजीबाईंना भर रस्त्यात येऊन बसचा दांडा पकडावा लागतो.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. गर्दीच्या वेळी बससाठी राखीव पट्टा, थांब्यापुढे वाहन उभे करण्यास सक्त मनाई, सावली आणि बसायला जागा असलेला थांबा आणि ठरल्या वेळेला येणारी गाडी. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोहोचली. पण स्थानकाबाहेर आलेल्या माणसाला पुढे कचेरीपर्यंत किंवा घरापर्यंत नेणार कोण? ते काम बसचेच!

पट्टा आखायचा पालिकेने, राबवायचा वाहतूक पोलिसांनी आणि पाळायचा तुम्ही-आम्ही. मोटारवाल्यांचा रोष होईल, हे उघड आहे. तो पत्करण्याची हिंमत पालिकेने दाखवायला हवी. बस तोट्यात चालते, असे आपण सहज म्हणून जातो. पण रस्ते, पदपथ आणि पाण्याच्या नळाकडून आपण कधी नफा मागितला आहे का?