नो मर्सी : निन्टेंडोवरचा कुस्तीचा फड

‘डब्ल्यूडब्ल्यूएफ नो मर्सी’ हा निन्टेंडो ६४ या घरगुती कन्सोलसाठी बनवलेला कुस्तीचा व्हिडिओ गेम नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेत बाजारात आला. पैलवान सगळे अमेरिकी दूरचित्रवाणीवरचे, द रॉक, स्टोन कोल्ड, अंडरटेकर, ट्रिपल एच. गेम घडवला मात्र अस्मिक एस आणि एकेआय या जपानी कंपन्यांनी. प्रकाशक होती टीएचक्यू. एकेआयने त्याआधी १९९७ पासून याच कन्सोलसाठी कुस्तीचे गेम केले होते, आणि त्या मालिकेतला हा सर्वांत परिपक्व गेम.

व्यावसायिक कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असतो. प्रेक्षक येतो तो लढत कशी रंगते हे पाहायला : एकजण मार खात खात कोपऱ्यात जातो, मग उसळी घेतो, आणि शेवटी त्याचा ठेवणीतला डाव पडतो. हा चढउतार खेळणाऱ्याच्या बोटांत आणून देणे, हे ‘नो मर्सी’चे खरे यश.

त्याचे मूळ पकडीच्या रचनेत आहे. पकडीचे बटण हलके टिचकावले की साधी पकड बसते, दाबून धरले की घट्ट. त्यानंतर दिशा आणि बटण यांच्या जोडीनुसार वेगवेगळे डाव निघतात. घट्ट पकडीचे डाव जबर, पण ती बसायला क्षणभर जास्त लागतो, आणि तेवढ्यात समोरचा ठोसा लगावून मोकळा होतो. म्हणून सुरुवातीला साध्या पकडीने प्रतिस्पर्ध्याला दमवावे लागते. प्रतिडावासाठीही वेगळी बटणे आहेत, पण ती नेमक्या क्षणी दाबली तरच उपयोग. पडद्यावरची एक पट्टी पैलवानाचा जोश दाखवते; सरशी होईल तशी ती चढते, मार बसला की घसरते. ती भरून ‘स्पेशल’ ही अक्षरे लुकलुकू लागली की घट्ट पकड घेऊन कंट्रोलरची काडी फिरवायची, आणि स्टोन कोल्डचा ठेवणीतला डाव ‘स्टनर’ पडतो. नवशिक्यालाही हे सारे थोड्या वेळात जमते. चार मित्र एकत्र खेळले की दंगा होतो तो यामुळेच.

एकट्याने खेळणाऱ्यासाठी किताबांच्या कथा आहेत. प्रत्येक किताबाची गोष्ट निराळी, आणि त्यात हरल्यावर खेळ संपतोच असे नाही. कथेला दुसरी वाट फुटते. मिळालेल्या पैशांतून ‘स्मॅकडाउन मॉल’मध्ये नवे पैलवान, कपडे, डाव विकत घेता येतात. स्वतःचा पैलवान घडवण्याची सोय तर फार तपशीलवार होती.

उणिवाही होत्या. रिंगणात चौघे उतरले की चित्र संथ होई. कार्ट्रिजमध्ये जागा अपुरी असल्याने पैलवानांच्या आगमनाचे सोहळे कापलेले होते. सर्वांत मनस्ताप देणारा दोष पहिल्या काही प्रतींत होता : साठवलेली सगळी प्रगती अचानक पुसली जाई. टीएचक्यूला कार्ट्रिज बदलून द्यावी लागली.

यानंतर एकेआयने डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती संस्थेसाठी घरगुती कन्सोलवर दुसरा गेम केला नाही. हीच पकडीची पद्धत २००३ च्या ‘डेफ जॅम व्हेंडेटा’ या गेममध्ये दिसली. चाहते आजही ‘नो मर्सी’त नवे चेहरे आणि पोशाख बसवून तो खेळतात. २०२३ मध्ये आलेल्या ‘एईडब्ल्यू फाइट फॉरएव्हर’ या कुस्तीच्या गेमसाठी तर ‘नो मर्सी’चेच दिग्दर्शक हिदेयुकी इवाशिता यांना बोलावण्यात आले.