पणजोबा तराळ, आजोबा बिगारी

जातपडताळणीला 1950 पूर्वीचा पुरावा हवा, म्हणून आम्ही गावाहून जुन्या नोंदीची नक्कल आणली. भाईंदरच्या घरात ती उलगडून बसलो, तोच लेकीने विचारले, "बाबा, पणजोबांच्या नावापुढे तराळ लिहिलंय. हे आपलं जुनं आडनाव का?"

ते आडनाव नव्हे, काम. हे सांगताना आमची जीभ अडखळली, हे कबूल करतो. अशा वेळी आपल्याकडे वडीलधारे "शेती म्हण" असे सांगून मोकळे होतात. आम्हाला ते पटत नाही.

वेसकर वेशीची राखण करी. तराळ चावडीवर माणसे बोलावी, सरकारी टपाल नि वसुलाचा भरणा तालुक्याला पोचवी, आलेल्या अंमलदाराची बडदास्त ठेवी. शिवेचा तंटा निघाला की साक्ष महाराचीच, कारण गावाची हद्द त्याला पाठ. पण मोबदला काय? हाडकी-हाडवळ्याचा तुकडा, बलुत्याचे मूठभर धान्य आणि दारोदारची भाकर. वतनदार हजर नसेल तर घरातल्या कोणालाही जुंपत. म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. ही वतने रद्द करणारा कायदा झाला तो 1958 साली.

आपल्या घरचे काम शोधायचे असेल तर जुने फेरफार नि सातबारा काढा. वतनाच्या जमिनीचा माग तिथे लागतो. पण त्याआधी घरातल्या म्हातारीजवळ बसा.

आमच्याकडे आई होती. वडिलांच्या मुंबईतल्या नोकरीच्या कागदावर हुद्दा होता 'बिगारी'. लेक म्हणाली, "म्हणजे इथेही वेठबिगारच?" शब्द खरेच तिथलाच. आईला मात्र राग आला. "बिगारीला पगार होता गं! महिन्याच्या महिन्याला. त्या पगारावर तुझा बाप शिकला."

मग तीच सांगू लागली. गावी तराळकी पाळीपाळीने फिरे. घुंगुरकाठी ज्या घरी येई, त्या घराची पाळी. वडील विशीत असताना काठी घरी आली आणि ते त्याच रात्री मुंबईला निघून आले. वतन तेव्हा अजून चालू होते.

एवढे सांगून आई गप्प झाली. लेकीने वहीत लिहिले, 'मग ती पाळी कोणी केली?'

आईने बऱ्याच वेळाने उत्तर दिले, "तुझ्या पणजीनं."

नोंदीच्या नकलेत पणजीचे नाव नाही. ते आईला विचारून लेकीने वहीत लिहून घेतले.