मंद झालेला दिवा



भंडारा जिल्ह्यांत, वैनगंगेकांठच्या एखाद्या धानाच्या गांवीं सायंकाळीं शेतावरील मोटारपंप सुरू झाला, कीं घरांतील दिवा पुष्कळदां मंद होतो. घरची बाई वर न पाहतांच म्हणते, "पंप लागला." कारण तिला ठाऊक असतें. पण समजा, दिवा मंद झाला आणि घरधनी म्हणाला, "कांहींच झालें नाहीं, तुला भास होतो", तर?

'गॅसलाइट' या बोलपटांतील सारें भय एवढ्याशा प्रश्नांत आहे. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या नाटकावरून जॉर्ज क्यूकर यांनीं तो १९४४ सालीं हॉलिवुडमध्यें दिग्दर्शित केला. जिनें आपल्याला वाढविलें, त्या गायिकेचा जेथें खून झाला, त्याच लंडनमधील घरांत पॉला पतीसह राहावयास येते. वस्तू नाहींशा होतात. "तूंच विसरलीस," असें पती शांतपणें सांगतो. तो रोज सायंकाळीं बाहेर पडतो, आणि मग तिच्या खोलींतील दिवा मंदावतो. माथ्यावर पावलें वाजतात.

कारण साधें आहे. घरांतील दिव्यांना गॅस एकाच नळानें येई. दुसरीकडे नवा दिवा लागला, कीं पहिल्याची ज्योत उतरे. खुनी तो पतीच. गायिकेचीं रत्नें शोधण्यासाठीं तो बंद माळ्यावर दिवा लावीत असतो. शेवटीं एक पोलिस अधिकारी ती ज्योत उतरतांना स्वतः पाहतो, आणि आपण वेड्या नाहीं हें पॉलाला कळतें. या भूमिकेसाठीं इन्ग्रिड बर्गमन यांना ऑस्कर मिळालें. अशा छळाला इंग्रजींत 'गॅसलायटिंग' हें नांव पडलें. मेरियम-वेब्स्टर कोशानें २०२२ चा 'वर्षाचा शब्द' म्हणून तेंच निवडलें.

आपल्याकडे याला जवळचा बोलपट म्हणजे राजा परांजपे यांचा १९६४ चा 'पाठलाग'. भावना व काशिनाथ घाणेकर त्यांत प्रमुख भूमिकांत आहेत. पत्नी वारल्याच्या दुःखांत असलेल्या वकिलापुढें पोलिसांनीं पकडलेली एक स्त्री येते व म्हणते, "मीच तुमची पत्नी." वकील भर न्यायालयांत तिला खोटें ठरवूं पाहतो. अखेर कळतें, कीं वारली ती हुबेहूब तशीच दिसणारी बहीण. पिंजऱ्यांत उभी होती ती खरी पत्नी. याच कथेवर १९६६ सालीं राज खोसला यांनीं हिंदींत 'मेरा साया' काढला.

दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. 'गॅसलाइट'मध्यें पतीचा संशय आपल्याला लवकरच येतो. आपण पॉलाच्या बाजूनें तळमळतों. 'पाठलाग'मध्यें मात्र पुरावा स्त्रीच्या विरुद्ध असतो, आणि पतीबरोबर आपणही तिला खोटी मानूं लागतों. शेवटीं धक्का बसतो तो केवळ रहस्याचा नव्हे, आपल्याही अविश्वासाचा.

म्हणून घरांतील कोणी "दिवा मंद झाला" म्हणालें, तर तिच्या मनाची परीक्षा घेण्यापूर्वीं आपण एकदां दिव्याकडे पाहावें.